वाद्यांचं दुकान चालवतोय, एक विचारायचं होतं : तुमच्या घरातलं वाद्य तुमच्यासाठी नक्की काय आहे?

पेटीतबला_कराड

नमस्कार मंडळी, कराडात आमचं वाद्यांचं दुकान आहे, वडिलांनी १९७८ साली काढलं, आता मी बघतो. पेटी, तबला-डग्गा, पखवाज, ढोलकी, टाळ, वीणा, हलगी, बेंजो आणि अलीकडे गिटार-कीबोर्ड पण ठेवतो. विक्रीपेक्षा दुरुस्तीच जास्त. प्रश्न शेवटी आहे पण आधी थोडं सांगतो, नाहीतर कशासाठी विचारतोय ते कळायचं नाही.

पुतण्या मागे लागलाय की काका अर्ध्या दुकानात मोबाईलची कव्हरं, चार्जर, इयरफोन ठेवू. त्याचं म्हणणं असं की माणसं येतात, दोन-चार पेट्या वाजवून बघतात, भाव विचारतात आणि तिथंच उभं राहून मोबाईलवर तसलीच पेटी कितीला आहे ते बघतात. खरंय ते. गाळा भाड्याचा आहे, भाडं काही थांबत नाही. मी त्याला चूक म्हणत नाही.

पण दुकानात बसून जे दिसतं ते वहीत मांडता येत नाही म्हणून इथं लिहितोय. आमचं वर्ष पंचांगावर चालतं. ज्येष्ठ लागला की दिंडीवाले येतात, वीणेच्या तारा, टाळांच्या दोऱ्या, पखवाजाची पुडी म्हणजे तोंडावरचं कातडं, आणि प्रत्येकाला ते कालच पाहिजे असतं. श्रावणात सप्ताह आणि भजन स्पर्धा, मग गणपती, तेव्हा ताशा-हलगी आणि ढोलाची पानं. खंडेनवमीला बँडवाले-बेंजोवाले वाद्यं पुजतात त्याच्या आधी त्यांची डागडुजी. दिवाळीच्या आसपास गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्या-वाजवण्याच्या परीक्षेची पोरं, मग लग्नसराई, आणि एप्रिल आला की जयंतीच्या आधी भीमगीतांच्या गायन पार्ट्या ढोलकी चढवून घ्यायला येतात. म्हणजे तालुक्यातली झाडून सगळी माणसं वर्षातनं एकदा तरी या ना त्या वाद्यामागून आमच्या पायरीवर येतात, जी एरवी एकमेकांच्या पायरीवर कधी जाणार नाहीत.

२०२० ला पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, दिंड्या निघाल्याच नाहीत. त्या आषाढीत धंदा शून्य. तरी पखवाजवाले फोन करायचे, बरेच दिवस वाजवला नाही तर पुडी जाते का हो, उन्हात ठेवू का सावलीत. मी म्हणायचो घरी बसून वाजवा की, तुम्हाला कोण अडवतंय. तर एक म्हातारा माळकरी म्हणाला दिंडीचा पखवाज आहे, एकट्यानं वाजवून काय करू, समोर टाळ पाहिजे. त्याच्या लेखी तो पखवाज त्याचा नव्हताच, पुढं चालणाऱ्या पन्नास माणसांचा होता.

आणि सगळ्यात जास्त पेट्या कोण नेतं सांगू का. लहान मुलं नाहीत. रिटायर झालेली माणसं. एसटीतले, साखर कारखान्यातले, झेडपीच्या शाळेतले, पोलीस खात्यातले. फंडाचे पैसे हातात आले की बायकोला घेऊन येतात, बायको म्हणते आता या वयात कशाला आणि हे बोलत नाहीत, नुसते पेटीकडे बघत असतात. लहानपणी देवळात ऐकलेली असते, तेव्हा घ्यायला पैसे नव्हते, नंतर वेळ नव्हता. बोटं जाड झालेली असतात, भाता आणि पट्टी एकत्र जमत नाही. तरी पहिल्यांदा एक सूर धरून भाता ओढला आणि आवाज आला की तोंडावर जे दिसतं ते मी लग्नाच्या बस्त्याच्या दुकानात पण बघितलेलं नाही. बायकांची भजनी मंडळं पण आता खूप झालीत, भिशीतून नाहीतर बचत गटातून पैसे काढून सहा-सात जणी एकदम येतात, शिकणार एकजण असते पण वाजवून प्रत्येकीला बघायची असते, कारण पेटी सगळ्यांची.

अजून एक. मागे एकजण वडिलांची पेटी घेऊन आला. भाता फाटलेला, निम्मे सूर मुके, वाळवी पण लागायला आली होती. वडील जाऊन वर्ष झालेलं. मी म्हटलं भाता नवा करतो, सूर म्हणजे आतल्या पितळी पात्या काढून साफ करतो, पट्ट्या झिजल्यात त्या पण बदलू. तर म्हणाला सगळं करा पण पट्ट्यांना हात लावू नका. पांढरी चारला, म्हणजे चौथ्या पांढऱ्या पट्टीला खळगा पडला होता हो, आयुष्यभर त्याच पट्टीत गायलेला माणूस, त्याच्या बोटानं पडलेला खळगा. दुरुस्तीला बऱ्यापैकी खर्च आला, एका शब्दानं घासाघीस केली नाही. आणि त्याला स्वतःला पेटी वाजवता येत नाही.

तर विचारायचं ते हे. तुमच्या घरात वाद्य आहे का, कोण वाजवतं, बिघडलं की काय करता? आणि दुकानाकडनं तुम्हाला नक्की काय पाहिजे असतं, नुसती वस्तू स्वस्तात पाहिजे असेल तर तसं स्पष्ट सांगा, राग नाही. पुतण्याला उत्तर द्यायचंय.

सईची_आई

काका छान लिहिलंत. आम्ही पुण्यात कोथरूडला. मी खरं सांगते, लेकीला गाण्याच्या क्लासला घातलं ते दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. शाळेतल्या इतर आयांनी घातलं होतं, आम्ही पण घातलं. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण असं करत करत ती मध्यमा प्रथमपर्यंत गेली. लोक अशा आईवडिलांना नावं ठेवतात पण मला त्यात वाईट काही वाटत नाही, कारण काहीही असो, घरात रोज संध्याकाळी पाऊण तास सूर लागत होता आणि तो मार्कांच्या कारणानं लागला की भक्तीच्या हे भिंतींना कुठं कळतं.

पेटी आम्ही ऑनलाईनच घेतली होती. फोटो सुंदर, पॉलिश सुंदर. आल्यावर बाईंनी पाच मिनिटं वाजवली आणि म्हणाल्या वरच्या सप्तकातले दोन सूर उतरलेत आणि भाता हवा धरत नाही. परत पाठवायची तर एवढं मोठं खोकं कोण बांधणार, शेवटी पेठेत एक दुरुस्तीवाले काका आहेत त्यांच्याकडे नेली. त्यांनी पैसे घेतले ते घेतले पण सईला शेजारी बसवून पेटी उघडून दाखवली. सूर कुठे असतो, हवा कुठून येते, एकच पट्टी दाबली तर दोन आवाज कसे येतात. ती घरी येऊन आठवडाभर तेच सांगत होती. ऑनलाईनमध्ये हे मिळत नाही, आणि हे पाहिजे असतं ते आम्हाला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

आता ती अकरावीत आहे, सकाळी सहाला घराबाहेर, रात्री आठला घरात, पेटी बंद. मी विकायला काढली होती. मग एक दिवस पुसायला म्हणून उघडली आणि सारेगम वाजवून बघितलं, तिच्या वहीत सगळं लिहिलेलं होतंच. आता सोसायटीतल्या बायकांबरोबर गुरुवारी बसते. अजून राग वगैरे काही येत नाही, दोन अभंग आणि एक गौळण येते. पण तेवढ्या वेळात मी कुणाची आई नसते, कुणाची सून नसते. हे घरी कुणाला सांगितलं तर विचित्र वाटेल म्हणून इथे लिहिते.

तर दुकानाकडून काय हवं, तर हे हवं. उघडून दाखवा. आणि लहान मुलांच्या आईवडिलांना सांगा की मूल सोडून देईल तेव्हा लगेच विकू नका.

बीटवाला_इचलकरंजी

वरचं सगळं वाचलं. सगळं खरं असेल, पण मी दुसरी बाजू सांगतो आणि कुणी मनाला लावून घेऊ नका.

तुम्ही विचारता घरातलं वाद्य म्हणजे काय. आमच्या घरात वाद्य म्हणजे सक्ती होती. आज्याकडं हलगी होती. गावात लग्न असलं की बोलवायचे, मयत झाली की बोलवायचे, जत्रेत पालखीपुढं बोलवायचे, आणि काम झालं की बाहेर थांब. पैसे द्यायचे नाहीत, धान्य द्यायचे ते पण उपकार केल्यागत. बाबासाहेबांनी सांगितलं असली गावकीची कामं सोडा, आज्यानं सोडली, हलगी परत हातात धरली नाही. वडिलांना त्यानं वाजवायला शिकवलं नाही ते मुद्दाम. देवळात पेटी होती, तिला आमच्यातलं कुणी हात लावायचं नाही. आणि तबल्या-पखवाजाला जी कातडी लागते ती कमावणारे कोण होते ते पण आठवा. वाद्य ज्यांनी घडवलं त्यांना बसायला सतरंजी नव्हती.

मी गाणं शिकलो ते मोबाईलवर. फुकटचं अ‍ॅप, तुटका इयरफोन, पॉवरलूमच्या खोलीत रात्रपाळीला. पहिली वस्तू होती ती जिला हात लावताना कुणी अडवलं नाही. आता लॅपटॉपवर बीट्स बनवतो, लोकल रॅपर पोरांना देतो, जयंतीची गाणी करतो. त्यात हलगी वापरतो. रेकॉर्ड केलेली तयार नाही, खरी, गावातल्या एका काकांकडून वाजवून घेतो आणि ठरलेले पैसे आधी देतो. वडिलांना ऐकवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले ठेका आज्याचाच आहे, कुठनं घेतलास. कुठनं घेणार, त्यांच्याच बोटात होता की, जेवताना ताटावर वाजवायचे.

म्हणून म्हणतो, संगीत दुकानात नाही आणि पेटीत पण नाही, माणसाला परवानगी मिळाली का यात आहे. मोबाईलनं ती दिली. त्यामुळं मोबाईल आला आणि संगीत गेलं असं कुणी म्हणालं की मला राग येतो. (तुम्ही तसं म्हणाला नाहीत, पण असल्या चर्चेत कुणीतरी म्हणतंच.)

आता धंद्याचं. पुतण्याला सांगा कव्हर-चार्जर ठेवू नको, ते प्रत्येक टपरीवर मिळतंय. मायक ठेव, मायक लॅपटॉपला जोडायचा ऑडिओ इंटरफेस ठेव, लॅपटॉपवर सूर वाजवायचा छोटा मिडी कीबोर्ड ठेव, चांगला हेडफोन ठेव. इचलकरंजी, कराड, सांगली, इस्लामपूर, सगळीकडं पोरं घरात रेकॉर्डिंग करतायत आणि एक मायक हातात घेऊन बघायला त्यांना पुण्याला जायला लागतं. आणि आम्ही आलो की "घेणार आहे का नुसतं बघायचंय" असं विचारू नका, एवढं एकच पाहिजे. हे वाक्य मी लई दुकानांत ऐकलंय.

चाकरमानी_पाटण

बीटवाल्या भावाला नमस्कार, तू लिहिलंस ते आमच्या गावात पण होतं, आता कमी झालंय पण नव्हतं असं म्हणणार नाही.

मी पाटण तालुक्यातला, राहायला घाटकोपर. आमच्या वाडीचं मुंबईत मंडळ आहे, दर महिन्याला वर्गणी काढतो, त्यातनं गावच्या देवळातला पखवाज, दोन पेट्या, टाळाचे जोड, माईकसेट असं सगळं घेतलंय. पखवाज कराडातनंच घेतला होता, तुमच्या दुकानातनं का दुसऱ्या ते आठवत नाही, शिसवाचा आहे, जुन्या पद्धतीचा, कातडी वादीनं आवळायचा, नटबोल्टवाला नको असं म्हाताऱ्यांनी सांगितलं. नटबोल्टचा आवळायला सोपा पण म्हाताऱ्यांना ते चालत नाही.

आमच्याकडं कुणी गेलं की रात्री भजन असतं. बाराव्यापर्यंत रोज, जेवढी माणसं जमतील तेवढी. मुंबईतनं रात्रीच्या गाडीनं निघालेलो आम्ही पहाटे पोचतो, घरात बाया बसलेल्या असतात, काय बोलायचं कुणाला सुचत नाही, नुसतं कधी झालं, कसं झालं, चहा घ्या. तीच तीच वाक्यं. आणि रात्री पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लागली, पेटीनं सूर धरला, की सगळ्यांना काहीतरी करायला मिळतं. भाऊ गेलेला माणूस पण टाळ घेऊन बसतो. कुणी त्याच्याकडं बघत नाही कारण सगळे समोर बघून गात असतात. रडला तरी टाळात ऐकू येत नाही. माझ्या वडलांच्या वेळी मी दहा दिवस असा बसलोय. तेव्हा कुणी माझी समजूत काढली असती तर मला चाललं नसतं, पण भजनात बसता आलं.

तेव्हा वाद्य म्हणजे काय विचाराल तर आमच्या वाडीत ते देवाचं आहे, मंडळाचं आहे, आणि ज्याच्या घरी माणूस गेलंय त्याच्या घरी त्या रात्री त्याचं आहे. वाहून नेताना पण कुणी एकटा नेत नाही.

दुकानदाराकडनं मागणी एकच. वाडीतला पखवाज फुटला आणि त्याच दिवशी मयत झाली तर कराडात फोन केल्यावर कुणीतरी दुसरा पखवाज देतं का? आम्हाला एकदा अशी वेळ आली होती, शेजारच्या गावानं दिला. दुकानात एखादा असा राखून ठेवा, भाडं घ्या पाहिजे तर.

खर्जाचा_सा

मी सांगलीत गाणं शिकवते, माहेर मिरजेचं, त्यामुळे माझ्या लहानपणी सतारमेकर गल्लीतून शाळेत जाणं होतं. भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, आणि कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत बसलेला. हत्यारं घडवणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आली. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, तो महिनोन्‌महिने वाळवावा लागतो, पाऊस जास्त झाला की पीकच जातं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले. मात्र पुढची पोरं त्या कामाला बसणार का हा प्रश्न काही पेढ्यांनी सुटत नाही.

बीटवाले, तुमचा परवानगीचा मुद्दा मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे. पेटीलाच बघा ना, १९४० ते १९७१ एवढा काळ रेडिओवर तिला मनाई होती, ती परकी आहे, तिच्यात श्रुती म्हणजे स्वरांमधले बारीक सूर नाहीत म्हणून. आणि त्याच काळात गावोगावच्या भजनात, नाटकात, कीर्तनात ती वाजतच होती. तिथं तिला कुणी परकी म्हटलं नाही. फक्त एका ठिकाणी मी तुमच्याशी सहमत नाही, संगीत पेटीत नाही म्हणालात तिथं.

तानपुऱ्याचं अ‍ॅप माझ्या पण फोनवर आहे, प्रवासात तेच वापरते, विद्यार्थ्यांना पण घ्यायला लावते कारण तानपुरा प्रत्येकाला परवडत नाही आणि वन रूम किचनमध्ये ठेवणार कुठे. पण क्लासमध्ये आल्यावर पहिली काही मिनिटं मी त्यांना तानपुरा जुळवायला बसवते. चार तारा, प सा सा आणि खर्ज म्हणजे खालचा सा. खुंटी पिळायची, मग मणका सरकवायचा, मग घोडीवर तारेखाली सुती दोरा हलके हलके पुढे-मागे करायचा. एका जागी तो आला की तार एकदम उघडते, जवारी म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद बोलायला लागतो आणि खर्जाच्या तारेतून गंधार म्हणजे ग ऐकू येतो, जो कुणी लावलेलाच नाही. अ‍ॅपमध्ये तो गंधार आयता येतो. इथे तो पोरांनी स्वतः शोधून काढलेला असतो. ज्या मुलाला शाळेत कुणी विचारत नाही, घरी सतत ओरडा बसतो, त्याला तो सापडला की त्याची मान वर होते, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. गाणं पुढे येईल न येईल, पण आपल्याला नीट ऐकू येतं हा विश्वास त्याच्याकडे राहतो.

आणि वाद्य बनवणाऱ्याबद्दल. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, ते १९३७ साली गेले. उरुसात तिथे गाण्याची सभा असते, मोठमोठे कलाकार येऊन गाऊन जातात, हजेरी लावणं म्हणतात त्याला. तिथे ऐकायला गल्लीतले कारागीर बसलेले असतात आणि एखाद्याचा तानपुरा वाजला की ते एकमेकांना हळूच सांगतात हा अमक्याच्या हातचा. गवयाला दाद सगळेच देतात, जवारी काढणाऱ्याला दाद देणारी माणसं तिथे बघितली मी. दुकानानं हे करावं असं मला वाटतं. पेटी विकताना सांगा कुणी बनवली, सूर कुठले आहेत, पालिताण्याचे का जुने जर्मन, पुडी कुणी चढवली. ऑनलाईन बॉक्सवर ते नाव नसतं.

मेलबर्नचा_पाहुणा

थोडक्यात लिहितो, ऑफिसमध्ये आहे. इकडे मराठी मंडळात गणपतीला ढोल-ताशा असतो, त्याची पानं आम्ही भारतातून येणाऱ्यांच्या बॅगेत मागवतो, आणि प्रत्येक वेळी कस्टमवाल्याला हे काय आहे ते समजावतो. इकडची नवी पिढी मराठी बोलायला लाजते पण ढोलावर उभी राहिली की लाजत नाही, एवढं निरीक्षण.

पण मी लिहितोय ते वेगळ्याच कारणानं. माझ्याकडे आजीची पेटी आहे, मागच्या वेळी आणली. इथे आल्यापासून एक पट्टी न दाबताच वाजते. भाता हलवला की तो एक सूर चालूच, बाकीचं सगळं नीट आहे. इथे दुरुस्तीवाला कोणी माहीत नाही. पेटीतबला काका, लांबून काही सांगू शकाल का? खोलायला भीती वाटते, आजीची आहे.

पेटीतबला_कराड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पुतण्याला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. बीटवाले यांचं दोनदा वाचायला लावलं त्यानं.

ठरलं ते सांगतो. कव्हर-चार्जर नाही. पुढची एक शोकेस पुतण्याची, त्यात मायक, इंटरफेस, मिडी कीबोर्ड, त्यानं स्वतः माहिती काढून आणायचं आणि वापरून बघायला एक सेट उघडा ठेवायचा. "घेणार आहे का नुसतं बघायचंय" हे आमच्याकडं वडिलांच्या काळापासनं कुणी विचारत नाही आणि पुढंही विचारणार नाही, बीटवाले तुम्ही कराडला आलात की या, चहा आमच्याकडं. हलगी वाजवणाऱ्या काकांना पण आणा, फायबरच्या पानाची आणि कातड्याची अशा दोन्ही आहेत, त्यांचा हात कशावर बसतो ते मला बघायचंय.

दुरुस्तीचं टेबल आत होतं ते पुढं काउंटरजवळ आणतोय, सईच्या आईंनी सांगितलं ते पटलं, पेटी उघडली की माणसं थांबून बघतातच. मिरजेच्या ताई, पुडी चढवणारे आमचे एक जुने कारागीर आहेत, त्यांना विचारून त्यांचं नाव प्रत्येक तबल्याच्या बिलावर लिहिणार. पाटणवाले, एक पखवाज आणि एक पेटी राखीव ठेवतोय, मयतीसाठी भाडं नाही, फक्त पुडी फाटली तर चढवून द्यायची. रात्री-अपरात्री फोन केला तरी चालेल, घर दुकानाच्या मागेच आहे.

आता मेलबर्नवाले. घाबरू नका, बहुतेक वेळा ही किरकोळ गोष्ट असते. पेटी टेबलावर ठेवा, वरची जाळीची फळी काढा, स्क्रू नाहीतर खिट्टी असेल. भाता थोडा भरा आणि जी वाजतेय ती पट्टी बोटानं पुढच्या टोकाला हलकेच वर उचला. सूर थांबला तर पट्टी अडकतेय, एकतर लाकूड फुगून शेजारच्या पट्टीला घासतंय नाहीतर तारेची स्प्रिंग ढिली पडलीय. घासत असेल तर दोन पट्ट्यांच्या मध्ये बारीक पॉलिश पेपर दुमडून एक-दोनदाच फिरवा, जास्त नको. स्प्रिंग ढिली असेल तर ती जागेवरनं न काढता थोडी ताणून द्या. उचलूनही सूर थांबला नाही तर पट्टीच्या मागच्या बाजूला खाली चामडं-फेल्ट लावलेलं असतं, त्याच्याखाली कचरा बसलाय किंवा कसरीनं फेल्ट खाल्लंय. पट्टी दाबून धरा, लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून त्या फटीत सरकवा, पट्टी सोडा आणि कागद हळू ओढून काढा, दोन-तीन वेळा केलं की कचरा निघतो. फेल्ट खाल्लेलं असेल तर मला फोटो पाठवा, मापानं कापून टपालानं पाठवतो, डिंकानं चिकटवता येतं.

फक्त आतल्या पितळी सुराला नख किंवा ब्लेड लावू नका. टोकाला घासलं तर सूर चढतो, मुळाशी घासलं तर उतरतो आणि मग घरी तो परत जागेवर येत नाही. आणि पेटी हीटरच्या समोर ठेवत असाल तर आधी तिथनं हलवा, लाकूड आणि भात्याचं चामडं दोन्हीला ती कोरडी हवा सोसत नाही. फळी काढल्यावर एक व्हिडिओ करून पाठवा, आवाजासकट, म्हणजे नक्की सांगता येईल.